बंद पडलेला मार्ग पुन्हा कसा मांडावा? वुडहेडच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण स्मृतीपाशी थांबलो होतो. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत. आठवण म्हणजे आधीच्या ज्ञानाचा उरलेला संस्कार, ते नवं ज्ञान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तुमच्यापैकी एका बाईंनी विचारलं होतं, की मग गेलेल्या गोष्टीबद्दल आपण काही जाणू शकतो की नाही? उत्तर देण्याआधी वेळ संपली होती. आज तोच धागा पुढे नेतो. उदाहरण मात्र तुम्हाला थोडं अनपेक्षित वाटेल. ते आहे आगगाडीचं, आणि तेही संगणकावरच्या.

त्याचं असं झालं. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना ट्रेन सिम्युलेटरचा नाद. सिम्युलेटर म्हणजे ज्यात तुम्ही पडद्यावर इंजिन चालवता, सिग्नल पाळता, वेळापत्रक सांभाळता, असा संगणकाचा कार्यक्रम. तुमच्यापैकी काहींनी २००१ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर पाहिला असेल. त्यात ब्रिटनचा एक जुना मार्ग होता, सेटल ते कार्लाइल. तेव्हापासून हौशी लोक स्वतः मार्ग बांधतात. रूळ, पूल, स्टेशनं, झाडं, सगळं एकेक करून बसवतात. एका मार्गाला वर्षंच्या वर्षं लागतात. म्हणून काम सुरू करण्याआधी एक प्रस्ताव लिहायचा असतो: मार्ग कोणता, काळ कोणता, हाच का, आणि माहिती कुठून आणणार.

नातू म्हणाला, "आजोबा, आम्हाला ब्रिटनमधला एक बंद पडलेला मार्ग करायचाय. इतिहासाची बाजू तुम्ही लिहून द्या." मी म्हटलं, दोन पानांचं तर काम आहे. चाळीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेत. लिहून दिलं. चार दिवसांनी त्याच्या गटातल्या कुणीतरी एकच प्रश्न लिहून कागद परत पाठवला: "हे सगळं कोणत्या दिवशी?"

त्या एका प्रश्नावर आजचं व्याख्यान आहे.

मार्ग कोणता

आधी मार्गाची ओळख करून देतो. उत्तर इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन मोठी औद्योगिक शहरं. त्यांच्या मधे पेनाइन डोंगररांग. ती ओलांडणारा एक लोहमार्ग १८४५ साली पूर्ण झाला. लांबी साधारण ४१ मैल. मँचेस्टरहून निघाल्यावर गाइड ब्रिज, डिंटिंग, हॅडफील्ड, मग लाँगडेंडेल नावाच्या खोऱ्यातून पाण्याच्या तलावांच्या काठाकाठानं चढत वुडहेड. तिथे तीन मैलांहून लांब बोगदा. पलीकडे डनफर्ड ब्रिज, पेनिस्टन, आणि उतरत उतरत शेफील्ड व्हिक्टोरिया. या सगळ्याला वुडहेड मार्ग म्हणतात.

शेफील्डच्या बाजूला कोळशाच्या खाणी, आणि मँचेस्टरच्या बाजूला कोळसा खाणाऱ्या गिरण्या आणि वीजकेंद्रं. त्यामुळे या मार्गाचा खरा धंदा कोळशाचा. वाथ नावाच्या यार्डात खाणींमधल्या वाघिणी जमा व्हायच्या, एका शाखेवरून पेनिस्टनपाशी मुख्य मार्गावर यायच्या आणि डोंगरापलीकडे मॉट्रम यार्डात पोचायच्या. त्या शाखेवर वर्सबरोचा चढ आहे, ४० फुटांत एक फूट. आपल्या बोरघाटात तो ३७ फुटांत एक फूट आहे. म्हणजे कर्जतला मागे इंजिन लागताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वर्सबरो वेगळा समजावून सांगायला नको. तिथेही मागून ढकलायला बँकर इंजिनं लागायची. १९२५ पासून एक प्रचंड गॅरेट इंजिन खास त्या कामासाठी ठेवलेलं होतं.

वाफेचं इंजिन, असा चढ आणि तीन मैलांचा अरुंद बोगदा, ही जोडी काय करते याची कल्पना करा. धूर कोंडायचा. ड्रायव्हर आणि फायरमन ओली फडकी तोंडावर धरून बोगदा पार करायचे. म्हणून १९३६ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं या मार्गाच्या विद्युतीकरणाचं काम हाती घेतलं. मधे महायुद्ध आलं, काम थांबलं. युद्धानंतर लक्षात आलं, की जुने दोन बोगदे आता तारा टांगण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. मग तिसरा, दुहेरी रुळांचा नवा बोगदा खणला. लांबी ३ मैल ६६ यार्ड. तो जून १९५४ मध्ये सुरू झाला.

विजेची पद्धत कोणती? १५०० व्होल्ट डी.सी. आता मुंबईकरांनी कान टवकारायला हरकत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती याच पद्धतीवर. पुढे पुण्यापर्यंत तारा आल्या, तेव्हा घाटात मालगाड्या ओढायला जी लांबुडकी इंजिनं आली, ज्यांना आपले लोक 'खेकडा' म्हणायचे, त्यांची विद्युत यंत्रणा मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीची. वुडहेडच्या इंजिनांची यंत्रणाही त्याच कंपनीची. म्हणजे हा मार्ग एका अर्थानं आपल्या घाटाचा धाकटा भाऊ.

आणि तो भाऊ लवकर गेला. ५ जानेवारी १९७० रोजी बोगद्यातून जाणाऱ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. जुलै १९८१ मध्ये शेवटची मालगाडी गेली. काही वर्षांत रूळही उखडले. ज्याच्यासाठी नवा बोगदा खणला, तो मार्ग त्यानंतर २७ वर्षं टिकला.

कोणत्या दिवशी?

आता तो प्रश्न. माझ्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या ऐटीत एक वर्णन केलं होतं: मँचेस्टर पिकॅडिलीहून गाडी निघते, पुढे ब्रिटिश रेल्वेच्या निळ्या रंगाचं इंजिन, ती लाँगडेंडेल चढते, वुडहेडच्या छोट्या स्टेशनावर थांबते आणि नव्या बोगद्यात शिरते.

वाचायला छान. पण ही गाडी कधीच धावलेली नाही. धावू शकलीच नसती. मँचेस्टरच्या त्या स्टेशनला पिकॅडिली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्याआधी ते लंडन रोड. वुडहेड स्टेशन १९६४ मध्ये बंद झालं. आणि रेल्वेनं सगळीकडे लावला तो निळा रंग १९६५ पासूनचा. मी तीन काळांतली तीन खरी विधानं घेतली आणि त्यांचं एक खोटं वाक्य केलं. प्रत्येक तुकडा खरा, आणि जोडलेली वस्तू खोटी. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे एका पोरानं दाखवून द्यावं, याची मला थोडी लाजही वाटली आणि मजाही वाटली.

यात एक जुना प्रश्न आहे. ग्रीक लोकांचं थीसियसचं जहाज तुम्हाला माहीत आहे. एकेक फळी बदलत गेलं तर शेवटी ते तेच जहाज का? बौद्धांनी हाच प्रश्न दिव्याच्या ज्योतीबद्दल विचारला. रेल्वेमार्ग तसाच आहे. रूळ बदलतात, सिग्नल बदलतात, रंग बदलतात, नावं बदलतात, आणि आपण म्हणतो 'वुडहेड मार्ग'. रोजच्या बोलण्यात त्यानं काही अडत नाही. पण जो माणूस तो मार्ग पुन्हा उभा करायला बसतो, त्याला 'वुडहेड मार्ग' बांधता येत नाही. त्याला एका दिवशीचाच वुडहेड मार्ग बांधता येतो. त्या दिवशी कोणत्या खांबावर कोणता दिवा होता, हे त्याला ठरवावंच लागतं. कादंबरीकार संदिग्ध राहू शकतो. खांब बसवणाऱ्याला ती सोय नाही.

मग मी दिवस निवडला: ऑक्टोबर १९५४ मधला एक साधा मंगळवार. का? १९५४ च्या १४ जूनपासून मँचेस्टर ते पेनिस्टन विजेच्या प्रवासी गाड्या सुरू झाल्या, पण शेफील्डपर्यंतच्या तारा सुरू व्हायला २० सप्टेंबर उजाडला. मधले तीन महिने पेनिस्टनला इंजिन बदलावं लागे. ऑक्टोबरमध्ये हा संक्रमणकाळ संपलेला होता. बोगदा नवा कोरा. इंजिनं काळ्या रंगाची, डबे लाल आणि फिक्या साईच्या रंगाचे. लंडनहून येणारी गाडी शेफील्डपर्यंत वाफेवर, पुढे विजेवर. लिव्हरपूलहून हार्विच बंदराकडे जाणारी गाडी गाइड ब्रिजला वाफेचं इंजिन सोडून विजेचं घेणार आणि शेफील्डला पुन्हा वाफेचं. म्हणजे एकाच दिवशी दोन युगं एकमेकांना गाड्या सोपवताना दिसतात.

आणि मंगळवार का? कारण रविवारी कोळसा फारसा हलत नाही.

या मार्गाचे सिम्युलेटरमधले अवतार आधी झालेले आहेत, हे सांगायला हवं. म्हणून आमच्या प्रस्तावात 'वुडहेड करू या' एवढं पुरेसं नव्हतं. आम्ही लिहिलं: या दिवशीचा वुडहेड, वाथ यार्डापासून मॉट्रम यार्डापर्यंत, कोळशाच्या वाटेनं. दोन्ही टोकांची मोठी शहरं सोडून दिली. शहर बांधायला चौपट काम, आणि मार्गाचा जीव डोंगरात.

चार प्रमाणं, आणि पाचवं

दिवस ठरला, की पुढचा प्रश्न: तुम्हाला कसं माहीत? इथे मला आपलीच जुनी चौकट उपयोगी पडली. न्यायशास्त्रात चार प्रमाणं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. प्रत्येकाचा उपयोग आणि प्रत्येकाचा धोका या कामात फार स्वच्छ दिसतो.

प्रत्यक्ष म्हणजे आज जाऊन पाहता येतं ते. हॅडफील्डपुढे जिथे रूळ होते तिथे आता चालण्याची आणि सायकलची वाट आहे. वुडहेडला बोगद्यांची तोंडं दिसतात. डिंटिंगचा उंच पूल अजून आहे, त्यावरून गाड्याही जातात. या मार्गाचं एक इंजिन, क्रमांक २६०२०, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. छान. पण हे प्रत्यक्ष आजचं आहे. ज्या उतारावर आज झाडी आहे तो १९५४ मध्ये बोडका असू शकतो. हॅडफील्डपर्यंतच्या तारा आजही दिसतात, पण १९८४ मध्ये त्या बदलून २५,००० व्होल्टच्या केल्या आहेत. खांब पाहिला आणि तसाच काढला, तर चुकलात.

फोटोचं काय, असं तुम्ही विचाराल. फोटो हा मला अर्धा प्रत्यक्ष आणि अर्धा शब्द वाटतो. चित्र प्रत्यक्ष, खालची ओळ शब्द. शिवाय हौशी फोटोग्राफर उन्हात जातो आणि एक्सप्रेसचा फोटो काढतो. पावसात भिजलेल्या वाघिणींचा फोटो कोण काढणार? म्हणून नुसत्या फोटोंवरून मार्ग बांधला, तर पेनाइनमध्ये कायम ऊन पडलेलं दिसतं.

अनुमान. आपलं शाळकरी उदाहरण आहेच, डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी. इथे कसं? एखाद्या सिग्नलची जागा सापडत नाही. पण स्टॉप सिग्नल कुठे होता हे माहीत आहे, उतार किती हेही माहीत आहे. आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराइतका तरी मागे असणारच. तर तो साधारण इथे असेल. हे अनुमान चांगलं आहे, पण त्याची व्याप्ती तपासायला लागते. मधे वळण असेल, कडा आडवा येत असेल, तर खांब पुढेमागे सरकतो. नैयायिक याला उपाधी म्हणतात, नियमाला चिकटलेली लपलेली अट.

उपमान. गवय गाईसारखा असतो, असं कुणी सांगितलं आणि रानात तसा प्राणी दिसला की आपण म्हणतो, हाच गवय. आमच्याकडे एका सिग्नल केबिनचा फोटोच नाही. पण त्याच कंपनीनं त्याच काळात बांधलेल्या इतर केबिनी माहीत आहेत. तशीच बसवली. यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा ती 'तशीच' आहे हे आपण सांगत नाही.

शब्द, म्हणजे आप्तवचन. हे सर्वांत मोठं भांडार. आणि यातही दोन जाती आहेत. एक कागद: रेल्वेचं कामकाजाचं वेळापत्रक. हे प्रवाशांना मिळायचं ते नव्हे. त्यात मालगाड्या असतात, रिकामी इंजिनं असतात, कुणी कुणाला वाट द्यायची ते असतं. पण हे वेळापत्रक काय घडलं ते सांगत नाही. काय घडावं असं ठरलं होतं, ते सांगतं. दुसरी जात माणसाच्या आठवणीची. म्हातारा ड्रायव्हर काय घडलं ते सांगतो, पण साल चुकतो. कागद तारखेला पक्का आणि घटनेला कच्चा, माणूस घटनेला पक्का आणि तारखेला कच्चा. दोघांना समोरासमोर बसवलं की काहीतरी हाती लागतं. मागच्या वेळच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे. स्मृती एकटी प्रमाण नाही. पण ती बोलली, की ऐकणाऱ्यासाठी ती शब्द होते, आणि शब्दाची परीक्षा करता येते.

पाचवं प्रमाण भाट्ट मीमांसकांचं: अनुपलब्धी. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही. पण त्यांनी एक अट घातली. घागर असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसली नाही, तर ती नाही असं म्हणता येत नाही. नकाशे वाचताना ही अट मला रोज आठवली. मोठ्या मापाच्या सर्वेक्षण नकाशांत सिग्नलचे खांबसुद्धा नोंदवतात. त्यात खांब नसेल, तर सर्वेक्षणाच्या साली तो नव्हता असं म्हणायला आधार आहे. लहान मापाच्या नकाशात तो नसेल, तर त्याचा अर्थ काहीच नाही. तिथे तो दिसणारच नव्हता.

शेवटी आम्ही प्रस्तावात एक साधी गोष्ट घातली. मार्गावरच्या प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूपुढे एक अक्षर लिहायचं. प्र, अ, उ, श. पाहिलेली, अनुमानलेली, तशीच बसवलेली, सांगितलेली. खेळणाऱ्याला ते दिसायची गरज नाही, पण ज्याला विचारायचंय त्याला यादी मिळाली पाहिजे. नातवाच्या मित्रांना आधी हे कटकटीचं वाटलं. मग एकानं म्हटलं, की यामुळे दहा वर्षांनी कुणी नवा फोटो घेऊन आला, तर नेमकं काय बदलायचं ते कळेल. माझ्या मते प्रामाणिकपणाचा व्यावहारिक फायदा यापेक्षा चांगला कुणी सांगितलेला नाही.

हाताला माहीत असलेलं

आतापर्यंत बोललो ते वस्तूंबद्दल. पण रेल्वेमार्ग नुसत्या वस्तूंचा नसतो. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ च्या आपल्या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं हे माहीत असणं' यांत फरक केला. पोहायचं कसं याचं पुस्तक पाठ असलं, म्हणून कुणी पोहत नाही.

वाथहून निघालेली कोळशाची गाडी घ्या. त्या काळच्या बहुतेक वाघिणींना सलग ब्रेक नव्हते. तीन कड्यांच्या साखळीनं एकमेकींना अडकवलेल्या. ब्रेक फक्त इंजिनाला आणि शेवटच्या गार्डच्या डब्याला. गाडी चढावर ताणली जाते, उतारावर एकमेकींवर आदळून आखडते. आता विचार करा, गाडी शिखरावरून जाते आहे. पुढचा भाग उतरायला लागला, मागचा अजून चढतोय. ड्रायव्हरनं क्षणभर चूक केली, तर मधली साखळी तुटते आणि मागचा तुकडा उलटा उतारावर निघतो. म्हणून ड्रायव्हर पुढून आणि गार्ड मागून, एकमेकांना न दिसता, सगळ्या साखळ्या ताठ ठेवायचे. मैलभर आधीपासून हाताला कळायला हवं, की आता शिखर येतंय.

वाफेच्या काळात मोठ्या उताराआधी गाडी थांबवून गार्ड वाघिणींचे हातब्रेक दांड्यानं दाबून ठेवायचा आणि खाली पोचल्यावर सोडायचा. विजेनं यात एक सुंदर बदल केला. उतरणाऱ्या इंजिनाच्या मोटारी जनित्रासारख्या चालवायच्या. गाडीचं वजन मोटारी फिरवतं, त्यातून वीज तारेत परत जाते, आणि तीच वीज त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळते. उतरणारा कोळसा आणि चढणाऱ्या रिकाम्या वाघिणी एका तारेनं बांधलेल्या. आपल्या खेकड्यांनाही ही सोय होती.

सिम्युलेटर या ठिकाणी पुस्तकाच्या पुढे जातो, असं माझं मत झालं आहे. मी वर जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. आता 'अमुक आहे' हे तुम्हाला कळलं. पण नातवानं मला पडद्यासमोर बसवून एक कोळशाची गाडी दिली आणि मी ती पहिल्याच शिखरावर तोडली. दुसऱ्यांदाही तोडली. पाचव्या वेळी कुठे माझा हात आपोआप थोडा मागे आला. ते खरं ड्रायव्हरचं ज्ञान नव्हे. माझ्या चुकीनं कुणाचा जीव जाणार नव्हता, मला थंडी वाजत नव्हती, माझी नोकरी नव्हती. पण त्या ज्ञानाचा आकार केवढा आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

माझे वडील कल्याणला इंजिन ड्रायव्हर होते, घाटातले. घरी कामाबद्दल बोलायचे नाहीत. निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला निघालो, की डोळे मिटून बसायचे आणि मधेच म्हणायचे, "ठाकूरवाडी." थोड्या वेळानं, "मंकी हिल." खिडकीबाहेर पाहावं तर बरोबर ठाकूरवाडी. रुळांच्या आवाजावरून, अंगाला बसणाऱ्या ओढीवरून त्यांना ते कळत असणार. मी तेव्हा प्रमाणशास्त्रावर पीएच.डी. करत होतो. ज्ञान कशानं होतं, यावर चारशे पानं लिहिली, आणि शेजारी बसलेल्या माणसाला एकदाही विचारलं नाही, की नाना, तुम्हाला हे कळतं कसं?

जे दाखवता येत नाही

एक गोष्ट राहिली, आणि ती टाळून चालणार नाही. वुडहेडचा पहिला बोगदा १८३९ ते १८४५ या काळात खणला. उघड्या माळावर, झोपड्यांत राहून, शेकडो मजुरांनी. एडविन चॅडविक या समाजसुधारकानं १८४६ मध्ये त्याचा हिशेब मांडला: ३२ मृत्यू, १४० जण गंभीर जखमी. मृत आणि जखमींचं हे प्रमाण नेपोलियनच्या काळातल्या लढायांपेक्षा जास्त आहे, असं त्यानं दाखवून दिलं. त्याच साली ब्रिटिश संसदेनं रेल्वे मजुरांच्या स्थितीची चौकशी केली. पुढे दुसरा बोगदा खणताना, १८४९ मध्ये, कॉलऱ्यानं २८ जण गेले. वुडहेडला एक छोटं चर्च आहे, तिथे त्यांतल्या काहींना पुरलं आहे.

आमच्या मंगळवारी, १९५४ मध्ये, ते जुने दोन्ही बोगदे नुकतेच बंद झालेले. नव्या बोगद्याशेजारी त्यांची काळी तोंडं. खेळणारा ताशी चाळीस मैलांनी त्यांच्याजवळून जाणार. तिथे काय घडलं हे त्याला कळण्याची काही सोय नाही. सिम्युलेटर एका दिवसाचा असतो, आणि त्या दिवसाआधी कोण मेलं ते त्याच्या चौकटीत बसत नाही. मी प्रस्तावात लिहिलं, की चर्च आणि जुने बोगदे नीट बांधावेत, कितीही वेळ लागो, आणि मार्गासोबतच्या माहितीपत्रात हे आकडे असावेत. तेवढंच करता येतं.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: सर, तुम्ही ब्रिटनचा मार्ग का घेतलात? आपला बोरघाट का नाही?*

मला वाटलंच होतं हे कुणीतरी विचारेल. खरं कारण सांगतो. वुडहेडची कागदपत्रं मिळतात. तिकडे वेळापत्रकं, सिग्नलच्या आकृत्या, जुने नकाशे हौशी मंडळांनी आणि ग्रंथालयांनी जपले, बरेचसे घरबसल्या पाहता येतात. म्हणून पद्धत शिकायला तो मार्ग बरा. पण तुमचा रोख बरोबर आहे. घाटातली १५०० व्होल्टची वीज गेली. मुंबईच्या लोकल मार्गांवरची २०१६ पर्यंत पूर्ण गेली. त्या विजेवर गाड्या चालवलेले ड्रायव्हर, गार्ड, केबिनमन आज निवृत्त आहेत. कल्याणला, लोणावळ्याला, पुण्याला राहतात. त्यांच्याकडे कागद नसेल, हाताला माहीत असलेलं आहे.

*श्रोता: पण एवढं करून शेवटी तो खेळच ना?*

हो, खेळच. पण या खेळाच्या निमित्तानं वीस वर्षांची मुलं विचारतात, की हा सिग्नल इथेच होता हे तुम्हाला कसं कळलं. माझ्या वर्गात हा प्रश्न पोरांच्या तोंडून यायला मला सहा महिने लागायचे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेजारी असा एखादा निवृत्त ड्रायव्हर किंवा गार्ड असेल, तर एक काम करा. त्यांना 'तुमच्या आठवणी सांगा' असं म्हणू नका. त्यानं माणूस भाषण करतो. त्यांना विचारा, कर्जत सोडल्यावर हात पहिल्यांदा कुठे हलायचा, आणि का. मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख लिहा, कोण बोलतंय ते लिहा. पुढच्या व्याख्यानाला येताना आणा. आपण ऐकू.